चिलिकाकडे निघालेलं पाणी

भुवनेश्वरमधल्या न्हाणीघरांचं, संडासांचं पाणी शहरभरच्या नाल्यांतून गंगुआ नाल्यात येतं. गंगुआ दया नदीला मिळतो आणि दया चिलिका सरोवराच्या उत्तर भागात येऊन थांबते. थांबते हा शब्द इथे महत्त्वाचा. वाहत्या नदीत किंवा खुल्या समुद्रात सोडलेलं पाणी पुढे निघून जातं. चिलिकासारख्या खाजण सरोवरात ते रेंगाळतं. पावसाळ्यात ११०० चौरस किलोमीटरच्या पुढे पसरणारं चिलिका बहुतेक ठिकाणी दोन-तीन मीटरांपेक्षा खोल नाही. म्हणून इथे येणारं सांडपाणी नुसतं नितळ दिसून भागत नाही. त्यात विरघळलेलं खत, म्हणजे शेवाळ वाढवणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस, हेही काढावं लागतं.

शुद्धीकरण प्रकल्पात पहिली कामं झटपट होतात. जाळीत प्लास्टिक आणि चिंध्या अडकतात, पुढच्या टाकीत वाळू खाली बसते. खरं काम हवेच्या टाकीत चालतं. तळातून हवेचे बुडबुडे सोडलेले असतात आणि तपकिरी पाण्यात कोट्यवधी जिवाणू मैला खात असतात. हे जिवाणू धडधाकट आहेत की नाही, हे पाहायची रीत फार साधी आहे. टाकीतलं एक लिटर पाणी खुणा असलेल्या काचेच्या नळीत भरायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. आधी सगळं गढूळ दिसतं. मग कण एकमेकांना चिकटून पुंजके होतात, हळूहळू खाली उतरतात आणि वर स्वच्छ पाणी उरतं. गाळ पाव नळीच्या आसपास बसला, तर चालवणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. तो फुगून वरच राहिला, तर पुढच्या टाकीतही बसणार नाही आणि पाण्याबरोबर बाहेर जाईल.

एवढ्यानं मैला जातो, पण नायट्रोजन अमोनियाच्या रूपात उरतो. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे असतात आणि फार सावकाश वाढतात. मैला खाणारे काही तासांत दुप्पट होतात, यांना एखादा दिवसही लागतो. म्हणून गाळ टाकीत कित्येक दिवस राखावा लागतो आणि हवाही भरपूर लागते: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे जवळजवळ साडेचार ग्रॅम प्राणवायू. वीज बराच वेळ गेली, तर सर्वांत आधी हेच काम बिघडतं.

नायट्रेटही खतच. म्हणून ते पाणी मागे, हवा न सोडलेल्या टाकीत फिरवतात. तिथे प्राणवायू मिळत नाही, तेव्हा जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत उडून जातो. त्यांना खायला कार्बन लागतो, म्हणून नवं सांडपाणी आधी याच टाकीत घेतात. मला या साऱ्या प्रक्रियेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते: घाणच घाण काढायच्या कामी येते.

फॉस्फरस मात्र वायू होत नाही. तो गाळात बसवून बाहेर काढावा लागतो, उदाहरणार्थ तुरटीनं किंवा लोहाच्या क्षारानं. गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुधा फॉस्फरसवर अडते, खाऱ्या पाण्यात नायट्रोजनवर. चिलिकाचं पाणी ऋतूप्रमाणे गोडं-खारं होत राहतं, त्यामुळे दोन्ही आवरले पाहिजेत. शिवाय उथळ तळाशी साचलेला फॉस्फरस वाऱ्यानं चिखल ढवळला, की पुन्हा पाण्यात येतो. शेवटी जंतू मारायला क्लोरीन वापरलं, तर उरलेलं क्लोरीन काढूनच पाणी सोडायला हवं. ते मासळीला मारक आहे.

सप्टेंबर २००० मध्ये वाळूची पट्टी कापून चिलिकाला समुद्राकडे नवं मुख दिलं. खारं पाणी आत आलं, पाणवनस्पतींचं रान मागे हटलं, मासळी वाढली. पण समुद्राच्या पाण्यानं केलेलं हे काम नाल्यातून येणाऱ्या खताला पुरून उरेल असं धरून चालता येत नाही. शिवाय खत फक्त शहरातूनच येत नाही, वाटेतल्या शेतांतूनही येतं. फरक इतकाच, की शहराचं पाणी नाल्यांतून एका जागी गोळा होतं, म्हणून तिथे ते अडवता येतं. एखाद्या प्रकल्पाची नोंदवही हाती आली, तर बीओडीच्या (जैविक प्राणवायू मागणीच्या) रकान्यावर न थांबता एकूण नायट्रोजन आणि फॉस्फरसचे रकाने आधी पाहावेत, आणि ते मुळात आहेत का, हेही.