धूळ खात पडलेली गाडी धुताना

समजा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन वर्षं धूळ खात पडलेली गाडी आहे. आपण काय करतो? ओलं फडकं घेतो आणि सरळ पुसायला लागतो. तिथंच घात होतो. धुळीत वाळूचे कण असतात, आणि रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा. एखाद्या केसाएवढा. तो घासला गेला की परत येत नाही.

म्हणून आधी नुसत्या पाण्याचा मारा, मग शाम्पूचा फेस. गाडी सावलीत हवी. फेस वाळू द्यायचा नाही. तो धुऊन काढला की मगच हात लावायचा.

आता हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवर बोटं फिरवा. खरखर लागते ना? त्यात बरेचदा ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण असतात, रंगात रुतून गंजलेले. रेल्वे लाइनीजवळच्या गाड्यांवर तर फारच. शाम्पूनं ते जात नाहीत. आयर्न रिमूव्हर मारला की जांभळे ओघळ येतात. लोक घाबरतात, रंग चालला म्हणून! ती लोखंडाशी होणारी रासायनिक क्रिया आहे. तोही वाळायच्या आत धुवायचा.

उरलेल्या खरखरीला क्ले बार, भरपूर शाम्पूच्या पाण्यावर, हलक्या हातानं. क्ले जमिनीवर पडला तर मात्र फेकून द्या, कितीही महागाचा असला तरी.