रक्ततपासणीचा आकडा कसा वाचावा?

आपल्या वालावल परिसरातील रुग्णांना मोठ्या शस्त्रक्रियेसाठी अनेकदा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागते. स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया अशांपैकीच एक, आणि अवघड. शिवलेल्या जागेतून पाचकरस पोटात झिरपला तर जंतुसंसर्ग होऊ शकतो. तो ओळखण्यासाठी डॉक्टर वेळोवेळी रक्त तपासतात.

त्यात ‘सीआरपी’ ही प्रमुख तपासणी. यकृतात तयार होणाऱ्या या प्रथिनाचा शोध १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत लागला. शस्त्रक्रियेच्या जखमेनेही ते वाढते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते व नंतर उतरते. म्हणून सुरुवातीच्या मोठ्या आकड्याने घाबरून जाऊ नये. मात्र पुढेही तो उतरला नाही किंवा उतरून पुन्हा चढला, तर संसर्गाचा संशय बळावतो. मग सी. टी. स्कॅन करावा लागतो. ‘प्रोकॅल्सिटोनिन’ ही दुसरी तपासणी जिवाणूंच्या संसर्गाकडे अधिक नेमकी दिशा दाखवते.

आम्ही बँकेतील माणसे. पासबुकातील एका नोंदीवरून खाते समजत नाही, हे आम्ही रोज पाहतो. तेव्हा सर्व रिपोर्ट तारखेनुसार फाईलला लावावेत आणि ‘आकडा उतरतो आहे ना?’ असे डॉक्टरांना विचारावे. घरी आल्यावर ताप, थंडी वा पोटदुखी झाल्यास तीच फाईल घेऊन विनाविलंब रुग्णालय गाठावे.