आजार कळला, मग पुन्हा रक्त कशाला?



मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी सासऱ्यांच्या तपासणीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. सासऱ्यांचे पाय सुजतात, चार पावलं चाललं की धाप लागते. डॉक्टरांनी ‘हृदयाचा अमायलॉइडोसिस’ सांगितलाय. ताई म्हणाल्या, “आजार कळला, मग पुन्हा रक्त कशाला काढायचं?”

आधी आजार समजून घेऊ. शरीरातली काही प्रथिनं बिघडतात आणि त्यांचे बारीक धागे हृदयाच्या भिंतीत साठतात. भिंत जाड, ताठ होते. हृदयात रक्त नीट भरत नाही. याचे मुख्य प्रकार दोन. ‘एएल’मध्ये अस्थिमज्जेतल्या पेशी सदोष प्रथिन बनवतात. दुसऱ्यात यकृतात बनणारं ट्रान्सथायरेटिन बिघडतं. हा बहुधा उतारवयात होतो, काही घराण्यांत आनुवंशिकही असतो.

आता रक्ताचं. हृदयावर ताण आला की ‘एनटी-प्रोबीएनपी’ वाढतं. हृदयाच्या पेशींना इजा झाली की ‘ट्रोपोनिन’ वाढतं. यावरून आजार किती पुढे गेलाय याचा अंदाज येतो. एएलमध्ये ‘फ्री लाइट चेन’ही बघतात.

ट्रान्सथायरेटिनच्या प्रकारासाठी लंडनच्या राष्ट्रीय अमायलॉइडोसिस केंद्रातल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये सोपे टप्पे मांडले. एनटी-प्रोबीएनपी ३००० पर्यंत आणि मूत्रपिंडाचा ‘ईजीएफआर’ ४५ किंवा जास्त, तर पहिला टप्पा. दोन्ही बिघडले तर तिसरा. उरलेले दुसऱ्यात. त्यांच्या पाहणीत पहिल्या टप्प्यातले निम्मे रुग्ण पावणेसहा वर्षांहून जास्त जगले, तिसऱ्यातले निम्मे दोन वर्षांहून जास्त. पण तेव्हा आजची नवी औषधं बहुतेकांना मिळत नव्हती. म्हणून आकडा म्हणजे कपाळावरची रेघ समजू नका.

आणखी एक. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा हृदयाचा दुसरा आजार असेल, तरी एनटी-प्रोबीएनपी वाढतं. नुसत्या त्या आकड्यावरून अमायलॉइडोसिस ठरत नाही. घरी रिपोर्ट वाचून घाबरायचं नाही आणि औषधही बंद करायचं नाही.

सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एकाच फाइलमध्ये लावा. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: प्रकार कोणता? टप्पा कितवा? आकडा मागच्यापेक्षा वाढला की उतरला? एएलमध्ये उपचारानंतर तो चांगला उतरला, तर हृदयाला आराम पडतोय असं समजतात. पुन्हा रक्त काढायचं ते यासाठी.

ताईंचं कर्ज त्याच बैठकीत मंजूर झालं. तुमच्याही घरी कुणाला धाप लागत असेल, पायांना सूज असेल, तर ‘वयच झालं आता’ म्हणून बसू नका. दवाखान्यात न्या.

बरंय मैत्रिणींनो, पुढच्या वेळी पुन्हा भेटू.