दुसरा लिव्हर ओढून बघा!

जुन्या बाजारातली सगळ्यात स्वस्त ‘फोर बाय फोर’ म्हणजे मडगार्डवरचं स्टिकर. शे-दोनशे रुपयांत मिळतं आणि विकणाऱ्याचा आवाज दोन पट्ट्या वर नेतं. थार दिसली की फोर बाय फोर, हा समज आधी सोडा. २०१० साली थार आली तेव्हाही तिची टू-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती मिळायची, आणि नव्या थारचीही २०२३ पासून मिळते. गिअरशेजारी दुसरा आखूड लिव्हर आहे का ते पाहा. मग कपड्यांची पर्वा न करता गाडीखाली वाका. मागच्यासारखाच पुढेही डिफरन्शियलचा गोळा आणि त्याला येऊन मिळालेला शाफ्ट दिसला पाहिजे. नसेल तर नमस्कार करून निघा.

बजेट आखडतं असेल तर माझं मत जिप्सीला. मारुतीने ती १९८५ च्या डिसेंबरात आणली आणि तीस वर्षांहून जास्त काळ फारसा नट्टापट्टा न करता विकली. कंपनीचा एसी नाही, चारही चाकांना पाटे, मागच्यांनी बाकांवर समोरासमोर बसून एकमेकांचे गुडघे मोजायचे. पण वजन टनाच्या आसपास, आणि चिखलात हलकी गाडी म्हणजे निम्मी लढाई जिंकलेली. ताडोब्यात तर ‘जिप्सी’ म्हणजेच सफारी. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची स्पर्धा होते. तिथे मॉडिफाय केलेल्या जिप्सींची गर्दी असते. पेट्रोल मात्र ती पाण्यासारखं पिते. आणि सफारीतून निवृत्त झालेली घेणार असाल तर पाटे आणि चेसी तपासा, कारण पर्यटक काही वजन करून बसवत नाहीत.

ट्रायलला निघालात की मालक हमखास डांबरी रस्त्यावर ‘फोर-एच’ टाकून दाखवतो. टाकू द्या, पण वळण घेऊ नका. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात. जिप्सी, थार, गुरखा, जिम्नी या पार्ट-टाइम गाड्यांत फोर बाय फोर टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेला असतो. कोरडं डांबर चाकाला घसरू देत नाही, मग सगळा ताण गिअरांवर येतो आणि गाडी हिसके देते. तो बिघाड नव्हे, पण असंच चालवत राहिलात तर नक्की होईल. खरी परीक्षा मातीच्या चढावर. ‘फोर-एल’, पहिला गिअर, क्लच हलकेच सोडा आणि पाय अॅक्सिलरेटरवरून काढून घ्या. गाडी स्वतःच्या तंद्रीत चढायला हवी. मधेच लिव्हर उडून न्यूट्रलला आला, तर ट्रान्सफर केसचं काम निघालंच समजा.

आता पाच मिनिटांचं गलिच्छ काम. मेकॅनिकला डिफरन्शियलचा भरायचा बोल्ट उघडायला लावा आणि बोट बुडवा. तेल चहासारखं दुधाळ दिसलं, तर गाडी नदीत उतरली होती आणि नंतर कुणी तेल बदललेलं नाही. मालक ‘फक्त घर ते ऑफिस’ म्हणत असेल, तर ऑफिस कुठे होतं ते विचारा.

फोर बाय फोरचं एक गुपित विक्रेते सांगत नाहीत. साध्या डिफरन्शियलची ताकद हवेत लटकणाऱ्या चाकाकडे पळते. एक पुढचं आणि एक मागचं, अशी तिरकी दोन चाकं अधांतरी झाली की चारही चाकांची गाडी जागच्या जागी गरगरते. यावर उतारा डिफ-लॉकचा. पुण्याच्या फोर्सने गुरखाच्या फोर बाय फोरला तो पुढे-मागे दोन्हीकडे दिला, म्हणून वापरलेली गुरखा ‘दिसायला ओबडधोबड’ असूनही भाव खाते. उलट डस्टर एडब्ल्यूडीला ‘लो’ गिअरच नाही. पहिला गिअर मुद्दाम आखूड करून कंपनीने वेळ निभावली. कच्च्या रस्त्याला ती छान, खडकांना नको.

‘दिल्लीची गाडी, एकदम स्वस्त’ ही जाहिरात नेहमीची. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली, तेव्हापासून गाड्यांचे लोंढे बाहेरच्या राज्यांत निघाले. एनओसी, इथला रोड टॅक्स आणि आरटीओच्या चकरा जमेस धरून मगच स्वस्त म्हणा. हरियाणातल्या मंडी डबवालीच्या सजवलेल्या जीपा तर फोटोत बघूनच हात शिवशिवतात. पण कंपनीने दिलेली मूळ रचना बदलता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. आरसीवर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरं, असा संसार नको. चेसी नंबर स्वतः घासून वाचा.

सैन्याच्या लिलावातली गाडी असेल तर जुन्या फोटोत नंबर प्लेटवरचा वर तोंड केलेला बाण शोधा. त्यापुढचे दोन आकडे गाडीचं साल सांगतात.

शेवटी टायर. चारही एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर पुन्हा तोच गिअरांवरचा ताण. टायरच्या अंगावर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्टेपनीवरची तारीख आवर्जून वाचा, कारण ती बहुधा कारखान्यातून आलेलीच असते. मालक ‘सतराचं मॉडेल’ म्हणतोय आणि स्टेपनी २०१३ ची निघाली, की भाव पाडायला सुरुवात करा.