बर्फाची परीक्षा शितावरून होत नाही

मागच्या जानेवारीत माझी भाची गुलमर्गला स्कीइंगला निघाली आणि तिच्या आईची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, झोप उडाली. आम्ही सातारकडच्या. २०१६च्या फेब्रुवारीत सियाचीनला हिमस्खलन झालं, त्यात दहा जवान गेले. त्यांतला एक आमच्या माण तालुक्यातला होता. तेव्हापासून ‘बर्फ कोसळला’ एवढं ऐकलं तरी बहिणीच्या पोटात गोळा येतो. त्यातून गुलमर्गच्या अफरवत डोंगरावर २०२३च्या फेब्रुवारीत दोन पोलिश स्कीअर गेले आणि २०२४च्या फेब्रुवारीत गुलमर्गलाच एक रशियन स्कीअर गेला, हेही तिनं वाचलेलं.

“ताई, तूच सांग तिला. मी बोलले की नुसती हसते,” असं म्हणून तिनं ते काम माझ्या गळ्यात घातलं. मी समजूत घालायला गेले खरी, पण दोन तासांनी मीच शहाणी होऊन परत आले. ते शहाणपण तुमच्याही कानावर घालावं, म्हणून हा लेख. आजकाल आपल्यातली कितीतरी मुलं-मुली बर्फात जातात. नुसतं ‘सांभाळून जा गं’ म्हणण्यापेक्षा नेमकं काय विचारावं, हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं, नाही का?

ओट्यावरचा हिमालय

गुलमर्गला गोंडोलाचा वरचा टप्पा जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर नेऊन सोडतो. गोंडोलाजवळचा ठराविक भाग स्की पेट्रोलची माणसं तपासतात आणि धोका दिसला तर बंद ठेवतात. त्या हद्दीच्या बाहेर, कुणी न तुडवलेल्या बर्फात उतरणं म्हणजे ‘ऑफ-पिस्ट’ स्कीइंग. तिथं तपासणारं कुणी नाही. आपली परीक्षा आपणच करायची.

“अगं मावशी, बर्फ म्हणजे एकसारखी गादी नसते. थरांवर थर असतात,” असं म्हणून भाचीनं थेट स्वयंपाकघरात प्रयोगच मांडला. तुम्हीही करून पाहा. ताटात ओलसर फडकं पसरायचं, त्यावर कणकेचं पीठ, त्यावर साखरेचा पातळ थर आणि वरून पुन्हा पीठ घालून तळहातानं अलगद दाबायचं. आता ताट एका बाजूनं हळूहळू उचला. बराच वेळ काही होत नाही. मग एकाएकी साखरेवरचं सगळं पीठ एका तुकड्यात सरकतं! खालचं पीठ मात्र फडक्याला चिकटून जागच्या जागी राहतं.

डोंगरावरही हेच होतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो. खालची जमीन त्या मानानं उबदार असते आणि वरची हवा कडाक्याची थंड. त्यामुळे बर्फातली वाफ वर सरकत राहते आणि तळाचे कण साखरेसारखे रवाळ, सुटे होतात. निरभ्र रात्री पृष्ठभागावर गोठलेलं दवही साठतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कडक थंडीत पांढरं दव दिसतं ना, त्याचाच हा मोठा भाऊ. त्यावर नवा बर्फ पडला की तो कच्चा थर झाकला जातो. वरून सगळं गोजिरवाणं, आत मात्र साखर! मग एका माणसाच्या वजनानंही तो थर मोडतो आणि अख्खी लादी निसटते.

आणि उतार काही कड्यासारखा लागत नाही बरं का. अशा लाद्या बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. आपल्या घरचा जिना साधारण तीस-पस्तीस अंशांचाच असतो. म्हणून या मंडळींकडे उतार मोजायचं छोटं साधन असतं. शिवाय आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावरचा उतार पाहावाच लागतो, कारण तिथून सुटलेला बर्फ खालीच येणार.

डोंगर आधी सांगतो

मला सगळ्यांत नवल वाटलं ते हे की डोंगर बहुधा सूचना देतो. आसपासच्या तशाच उतारावर नुकताच बर्फ घसरलेला दिसला, तर आपलाही उतार तसाच समजावा. चालताना पायाखाली ‘व्हुम्फ’ असा पोकळ आवाज आला किंवा पायापासून तडा पळत गेला, तर कच्चा थर खाली मोडला म्हणून समजावं आणि मुकाट्यानं मागं फिरावं. एका दिवसात फूटभर नवा बर्फ पडला, वाऱ्यानं डोंगराच्या आडोशाच्या बाजूला तो आणून साठवला किंवा एकदम ऊन तापलं, तरीही थांबावं. गंमत म्हणजे हिमवर्षाव थांबून लख्ख ऊन पडलं की सगळ्यांचे पाय शिवशिवतात आणि नेमका तोच दिवस फार धोक्याचा असतो.

मग येते खड्ड्याची परीक्षा. बर्फात खड्डा खणून थर पाहायचे. तीस सेंटिमीटर लांब-रुंद खांब मोकळा कापायचा, त्यावर फावडं ठेवायचं आणि थापा मारायच्या. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. थोड्याच थापांत खांब गुळगुळीत तुटून सरकला, तर त्या उतारावर जायचं नाही.

“आणि नाही तुटला तर जायचं?” मी विचारलं.

“इथंच माणसं फसतात, मावशी! तू शितावरून भाताची परीक्षा करतेस ना, ती इथं चालत नाही. दहा पावलांवर थर वेगळा असू शकतो. खड्डा ‘नाही’ म्हणाला तर ऐकायचं. ‘हो’ म्हणाला तर त्याच्या एकट्यावर विसंबायचं नाही.”

धोक्याच्या पातळ्यांचंही असंच आहे. जगभर एक ते पाच अशा पातळ्या सांगतात. आपल्याकडे चंदीगडची संरक्षण खात्याची संस्था हिमालयासाठी अशी पत्रकं काढते. पाचांपैकी तीन म्हणजे मधली, तेव्हा ठीकच असेल, असं वाटतं की नाही? पण तिसऱ्या पातळीला एकट्या माणसाच्या वजनानंही बर्फ सुटू शकतो. स्वित्झर्लंडमध्ये बळींपैकी निम्म्याच्या आसपास माणसं तिसऱ्या पातळीच्या दिवशीच जातात.

‘नको’ कोण म्हणणार?

हे सगळं ठाऊक असलेली माणसंही सापडतात, ती का? अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्टीव्हन्स पास इथं १९ फेब्रुवारी २०१२ रोजी पट्टीचे सोळा जण एकत्र उतरायला गेले. हिमस्खलनात तिघे गेले. वाचलेल्यांपैकी काहींनी नंतर सांगितलं, की मनात शंका होती, पण एवढी जाणती मंडळी बरोबर असताना आपण कशाला बोला! ओळखीचा उतार, चारचौघांत नाव होण्याची हौस, एवढ्या लांब आलो आहोत तर परत कसं जायचं ही रुखरुख, पुढाऱ्यावरचा आंधळा विश्वास, या सापळ्यांचा अभ्यासकांनी मुद्दाम विचार केला आहे. हिमस्खलनात सापडलेल्या स्कीअरांपैकी दहांत नऊ जणांच्या बाबतीत तो बर्फ त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यानं सोडवलेला असतो.

मैत्रिणींनो, हे ऐकून मला आपलीच घरं आठवली. चार मोठी माणसं ठरवतात, आपल्याला मनातून पटत नसतं, पण रंगाचा बेरंग नको म्हणून आपण गप्प बसतो. घरात त्याची किंमत फार तर मनस्ताप. तिथं जीव जातो. म्हणून शहाण्या गटात एक नियम असतो. सगळ्यांत नवख्यानं ‘नको’ म्हटलं, तरी सगळे परततात. वाद नाही, चेष्टा नाही.

आपण काय विचारावं?

मूल निघालं की हे पाच प्रश्न विचारा.

१. आजचं धोक्याचं पत्रक वाचलंस का? पातळी किती?

२. बरोबर स्थानिक जाणकार गाईड आहे का?

३. प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (अंगावर बांधायचं संदेश-यंत्र), शोधायची लांब काठी आणि फावडं आहे का? आणि ती वापरायचा सराव आहे का? पूर्ण गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत काढलं, तर दहांतले नऊ वाचतात. अर्ध्या तासानंतर काढलं, तर जेमतेम तीन. खालून मदत येईपर्यंत उशीर होतो. काढणार ते सोबतीच.

४. धोक्याचा उतार एकेकानं ओलांडता का? बाकीचे सुरक्षित जागी थांबून नजर ठेवतात का?

५. तू ‘नको’ म्हणालीस, तर बाकीचे ऐकतील का?

पाचव्या प्रश्नावर भाची जरा थांबली. “विचारते,” म्हणाली.

ती गेल्याच्या सहाव्या दिवशी दुपारीच फोन आला. “मावशी, आज लवकर खाली आलो. पायाखाली तो आवाज आला. मी म्हटलं, मी नाही येणार. दोघंजण जाम चिडले, दिवस फुकट गेला म्हणाले. पण गाईड म्हणाला, चला मागं.”

तो उतार त्या दिवशी सुटला असता की नाही, कुणास ठाऊक. ते कधीच कळणार नाही, आणि कळायला नकोच आहे. मी लगेच बहिणीला फोन लावला. ती काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र तिच्याकडून डबाभर शिरा आला.