छोट्या खोलीतला कोंदट वास: धूप-कापूर लावण्याआधी हे वाचा

पावसाळ्यात दम्याचे रुग्ण वाढतात आणि त्यांच्यासोबत एक प्रश्नही हमखास येतो. "डॉक्टर, स्प्रेने मुलाला खोकला येत होता म्हणून तो बंद केला. आता संध्याकाळी कापूर आणि लोबान लावतो. ते तर नैसर्गिक आहे ना?" भिवंडीसारख्या गावात हा प्रश्न अगदी खरा आहे. दहा बाय दहाची खोली, तिच्यातच ओटा, कोपऱ्यात मोरी, एकच खिडकी, आणि तीही कधी शेजारच्या भिंतीकडे तर कधी यंत्रमागाच्या कारखान्याकडे उघडणारी. जून ते सप्टेंबर कपडे घरातच वाळतात. अशा घराला वास येणारच, आणि तो घालवावासा वाटणारच.

नैसर्गिक आहे म्हणजे फुप्फुसाला चालते, असा मात्र अर्थ होत नाही. लाकडाचा धूरही नैसर्गिकच असतो. खोली ताजी करायची तर हवेत काही घालण्यापेक्षा हवेतून काढण्याकडे लक्ष द्यावे लागते. सुगंधाने वास झाकला जातो, पण त्याचे कारण जागेवरच राहते आणि हवेत आणखी एका गोष्टीची भर पडते. खोली जितकी लहान तितकी ही भर जास्त जाणवते. देवळाच्या अंगणात विरून जाणारा धूर बंद खोलीत तासन्‌तास तसाच राहतो.

आधी वास शोधा

आपल्या नाकाची एक अडचण आहे. एकाच वासात काही मिनिटे राहिलो की तो जाणवेनासा होतो. म्हणून घरच्यांना "आमच्याकडे काही वास नाही" असे मनापासून वाटते आणि पाहुणा दारातच नाक मुरडतो. यावर सोपी युक्ती अशी: बाहेरून घरी आलात की दार उघडताच दोन श्वास घ्या आणि काय जाणवते ते लक्षात ठेवा. तोच तुमच्या घराचा खरा वास.

नाल्यासारखा किंवा सडक्या अंड्यासारखा वास असेल तर मोरीकडे वळा. मोरीच्या जाळीखाली वाटीसारखा एक भाग असतो आणि त्यात नेहमी थोडे पाणी साचून राहते. ते पाणीच गटारातला वायू वर येऊ देत नाही. प्लंबर त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. (न्हाणीघरातली आपली न्हाणी अशी इंग्रजी कॅटलॉगांतही जाऊन बसली आहे.) घर आठ-दहा दिवस बंद राहिले किंवा एखादी मोरी वापरात नसली की हे पाणी आटते आणि वास थेट घरात शिरतो. त्यावर उपाय म्हणजे तांब्याभर पाणी ओतणे. तरीही वास येत असेल तर जाळी काढून आत अडकलेले केस आणि साबणाचा गाळ साफ करा. बहुतेक घरांत एवढे पुरते.

ओल्या मातीसारखा, जुन्या पुस्तकासारखा कुबट वास म्हणजे बुरशी. ती बहुधा कपाटामागे, पलंगाखाली किंवा माळ्यावरच्या गाठोड्यांत असते. दमा, ॲलर्जीची सर्दी किंवा मुलांचा रात्रीचा खोकला असलेल्या घरात हा वास गांभीर्याने घ्या, कारण बुरशीचे बीजाणू श्वासावाटे आत जातात आणि त्यांनी दम्याचा त्रास वाढतो. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. भिंत साबणाच्या पाण्याने पुसून पंख्याखाली कोरडी करा, पण हे काम दम्याच्या रुग्णाला सांगू नका आणि स्वतःही नाकावर मास्क बांधा. वरच्या मजल्यावरून गळती असेल तर ती थांबेपर्यंत बुरशी परत येत राहील. तोवर रंग लावण्यात पैसे घालवू नका.

पावसाळ्यात सगळ्यात मोठा दोषी मात्र वाळत घातलेले कपडे. बादलीभर धुतलेल्या कपड्यांतून लिटर-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जाते. गॅलरी किंवा जिन्यातली जागा मिळाली तर कपडे तिथे घाला. नाहीच मिळाली तर घट्ट पिळून, विरळ टांगून, खिडकीजवळ पंख्याखाली वाळवा. झोपायच्या जागेवर दोरी बांधू नका. ज्यांच्या घरी कोणी मागावर काम करते त्यांच्यासाठी आणखी एक सूचना: अंगावरचे कपडे दाराबाहेर झटका आणि वेगळे ठेवा. कपड्यांवर बसलेली कापसाची बारीक धूळ घरात गादीवर, पडद्यावर बसते, ओल धरते, आणि दम्याच्या माणसाला त्रास देते.

हवा बदलणे

खिडकी उघडा, हा सल्ला सोपा वाटतो. पण एकच खिडकी उघडली तर हवा फारशी हलत नाही, तिला आत यायला एक आणि बाहेर जायला दुसरी वाट लागते. खिडकी आणि दार एकाच वेळी दहा-पंधरा मिनिटे उघडे ठेवणे हे दिवसभर एक झडप किलकिली ठेवण्यापेक्षा चांगले. दुसरी वाट नसेल तर टेबल फॅन खिडकीत, तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा. आतली हवा बाहेर फेकली गेली की दाराच्या फटीतून नवी आत येते. जुन्या घरांत छताजवळ झरोका असतो आणि तो पुठ्ठा लावून बंद केलेला असतो. तो पुठ्ठा काढा. गरम हवा वर चढते, झरोका तिच्यासाठीच ठेवलेला असतो.

हा केवळ वासाचा प्रश्न नाही. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. दारे-खिडक्या उघड्या असलेल्या खोल्यांत हवा तासाला सरासरी २८ वेळा बदलत होती, तर यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत १२ वेळा. सगळ्यात चांगल्या ठरल्या त्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या खोल्या. दाटीवाटीने राहणाऱ्या आपल्या वस्त्यांसाठी ही मोलाची गोष्ट आहे. घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर खिडकी उघडाच, पण त्याआधी थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते.

"खिडकी उघडली की डास येतात, मागाची धूळ येते, रस्त्यावरून आत दिसते." या तिन्ही तक्रारी रास्त आहेत. डासांसाठी खिडकीला जाळी आणि झोपताना मच्छरदाणी, नजरेसाठी पातळ पडदा. धुळीसाठी वेळ निवडा. हिवाळ्यात पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत साचून असते, म्हणून ऊन चढल्यावर खिडकी उघडा. गल्लीत कोणी कचरा किंवा चिंध्या जाळत असेल तर तेवढा वेळ बंद ठेवा. पण फोडणी देताना, अंघोळीनंतर आणि सकाळी अंथरुणे काढताना हवा बदललीच पाहिजे.

सोडा, व्हिनेगर, लिंबू, झाडे

खाण्याच्या सोड्याचा उपयोग होतो, पण मर्यादित. आंबट वास तो कमी करतो. फ्रीजमध्ये किंवा चपलांच्या कपाटात उघडी वाटी ठेवा, किंवा गादीवर भुरभुरवून दोन-तीन तासांनी ब्रशने झटका. संपूर्ण खोलीची हवा एका वाटीने सुधारत नाही. लघवीच्या वासासाठी पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसा, मग साध्या पाण्याने. लिंबाची साल उकळल्याने घर छान वाटते, एवढेच. गादी-उशीसाठी सगळ्यात चांगला उपाय अजूनही कडक ऊन आहे.

घरातली झाडे हवा शुद्ध करतात, हा समज १९८९ च्या नासाच्या प्रयोगावरून पसरला. तो प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांत झाला होता. पुढे संशोधकांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासून हिशेब मांडला. खिडकीतून जेवढी हवा बदलते तेवढे काम झाडांकडून करून घ्यायचे तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील. दहा बाय दहाच्या खोलीत नव्वदहून जास्त! तुळस, मनी प्लांट जरूर ठेवा, ती डोळ्यांना बरी वाटतात. फक्त कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंगीचा डास त्यातच वाढतो.

धूर, मग तो कशाचाही असो

अगरबत्ती, धूप, लोबान, कडुनिंबाच्या पाल्याची धुरी, गोवरी, कापूर यांपैकी काहीही जळाले की अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते फुप्फुसात खोलवर जातात. मच्छर कॉइलवरचा २००३ चा एक अभ्यास डॉक्टर नेहमी सांगतात: एका कॉइलमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. पूजा-इबादत हा श्रद्धेचा भाग आहे, तो सोडा असे मी सांगणार नाही. एकच काडी लावा, खिडकी उघडी ठेवा, आणि दम्याचा रुग्ण, बाळ किंवा गर्भवती त्या वेळी दुसरीकडे असतील असे पाहा. वास घालवण्यासाठी मात्र धूर करू नका.

बाळंतिणीची शेक-शेगडी आणि बाळाची धुरी यांबद्दल मी स्पष्टच सांगतो: बंद करा. आजीबाईंचा हेतू चांगलाच असतो. पण नवजात बाळाची श्वासनलिका अगदी अरुंद असते. त्यात दार लावून पेटत्या निखाऱ्यांची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्या वायूला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. बाळंतिणीला शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी पुरते.

कापूर आणि डांबरगोळ्या यांची भीती वेगळी आहे. कापराची छोटी वडी लहान मुलाने गिळली तरी झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाजवळ कापूर लावू नका, गळ्यात पोटली बांधू नका. डांबरगोळ्या अनेक घरांत मोरीत आणि कपड्यांच्या पेटीतही असतात. काही मुलांमध्ये जी६पीडी नावाचे विकर जन्मतःच कमी असते आणि घरच्यांना ते माहीत नसते. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे किंवा दुपटे घातले तर रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाचे कपडे उन्हात वाळवा. कीड नको असेल तर वाळलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवा, तो जाळू नका.

संडास साफ करायचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नका. ब्लीच आणि व्हिनेगरही नको. दोन्हींतून क्लोरीन वायू निघतो आणि छोट्या संडासात तो जीवघेणा ठरू शकतो. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर बसवा. स्वयंपाकाच्या गॅसचा वास आला तर अगरबत्ती तर नाहीच, दिव्याचे बटणही दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे उघडा, बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा.

रुग्णाच्या खोलीत

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीत वास आला की घरचे संकोचतात आणि अत्तर, स्प्रे वाढवतात. इथे तर वास झाकूच नका. लघवीचा उग्र वास आणि ताप असेल तर संसर्ग असू शकतो. कुजका वास येत असेल तर कंबर, टाचा आणि पाठ उघडून पाहा, शय्याव्रण झाला असेल. दर दोन तासांनी कूस बदला, ओली चादर लगेच काढा, दिवसातून दोन-तीनदा रुग्णाला पांघरूण घालून खिडकी उघडा.

धूर किंवा वायू श्वासात गेल्यावर धाप लागली, ओठ निळसर झाले, किंवा एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी आणि चक्कर सुरू झाली तर सगळ्यांना उघड्यावर न्या आणि १०८ ला फोन करा. कापूर किंवा डांबरगोळी गिळली असेल तर उलटी करवू नका. पाकीट सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. बाळाची त्वचा पिवळी दिसली किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी दाखवा, आणि पेटीत डांबरगोळ्या होत्या का, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगा.