भोरचा पिनकोड : ४१२२०६

भोरच्या पोस्टाचा पिनकोड ४१२२०६. पाकिटावर तो लिहिताना आपण त्याच्याकडे संख्या म्हणून पाहत नाही. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, ती टपालाच्या सोयीसाठी. पहिला ४ विभाग दाखवतो, शेवटचे तीन अंक पोस्ट ऑफिस. पण संख्या कशासाठीही निवडलेली असो, तिचे गुणधर्म तिच्यात असतातच. ते शोधू या.

शेवटचा अंक सम, म्हणून २ ने भाग जातो. अंकांची बेरीज १५, म्हणून ३ नेही जातो. ६ ने भागल्यावर येतात ६८७०१. आता ५, ७, ११, १३, १७, १९ यांपैकी कशानेच भाग जात नाही. पुष्कळ विद्यार्थी इथे कंटाळून थांबतात. एक पायरी पुढे गेले की २३ ने भाग जातो, मग २९ नेही!

४१२२०६ = २ × ३ × २३ × २९ × १०३

पाच वेगवेगळे मूळ अवयव, म्हणून एकूण विभाजक ३२.

शेजारच्या वेल्ह्याचा पिनकोड ४१२२१२, म्हणजे फक्त ६ ने मोठा. त्याचे अवयव २ × २ × ३ × ३४३५१. यातील ३४३५१ ही मूळ संख्या आहे. १८६ चा वर्ग तिच्याहून मोठा असल्याने १८५ पर्यंतच्या ४२ मूळ संख्यांनी भागून पाहिले की खात्री पटते. दोन संख्या इतक्या जवळ, पण अंतरंग किती निराळे!

आता दुसरी परीक्षा. देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांची कृती अशी : अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. चार अंकी संख्येत सर्व अंक सारखे नसतील, तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. भोरच्या संख्येचे काय होते?

६४२२१० – ०१२२४६ = ६२९९६४
९९६६४२ – २४६६९९ = ७४९९४३
९९७४४३ – ३४४७९९ = ६५२६४४
६६५४४२ – २४४५६६ = ४२०८७६

पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६! सात संख्यांचे हे चक्र कधीच थांबत नाही. वेल्ह्याची संख्या सहाव्या वजाबाकीला याच चक्रात शिरते. सहा अंकी संख्यांना ६१७४ सारखा एकच मुक्काम नाही. काही ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, बाकीच्या या चक्रात फिरतात. चार अंकांवरून काढलेला नियम सहा अंकांना लावला असता, तर आपण फसलो असतो.

मग अवयवांत इतक्या वेगळ्या संख्या इथे एकत्र कशा? कारण गुणधर्म दोन जातींचे आहेत. अवयव संख्येचे स्वतःचे असतात. ४१२२०६ वस्तू कोणत्याही पद्धतीने मोजा, २३ चे गट पडणारच. कापरेकरांचे चक्र मात्र दशमान लेखनाचे आहे. तीच संख्या आठच्या पायात लिहिली तर अंकच बदलतील आणि ही वजाबाकीही.

वर्गात प्रत्येकाला आपल्या गावचा पिनकोड घेऊ द्या. अवयव पाडताना भागाकार पक्का होईल आणि कापरेकरांची कृती करताना वजाबाकी. मग विचारा : यातले संख्येचे काय, आणि ती लिहिण्याच्या पद्धतीचे काय?